चव बघ

खिंडीत काल रात्रीपासून बर्फ पडतोय.
रस्ता साफ करणारा मालखाझ खिडकीतूनच ओरडून गेला:
दुपारपर्यंत येतील ते येतील, मग रस्ता बंद.
त्सियाला म्हणाली, बंद तर बंद,
राजमा कुठे पळून जातो?

आज संत बार्बाराचा दिवस.
आज राचातल्या घराघरात राजमा भरलेली पोळी,
तीही उपवासाची. लोणी नाही, चरबी नाही,
नुसतं सूर्यफुलाचं तेल, कांदा, धणे
आणि निळ्या मेथीची पूड,
जिचा वास माझ्या बोटांना पुढचे चार दिवस पुरतो.

मी समुद्राकाठची, बातुमीची.
आमच्याकडे पोळी होडीसारखी, मधे अंड्याचा पिवळा सूर्य.
नऊ वर्षांपूर्वी लग्न होऊन डोंगरात आले,
सासूने हातात लाकडी चमचा दिला.
"चव बघ."
छान आहे, म्हटलं.
"छान ही काय चव झाली?"

तेव्हापासून दर हिवाळ्यात हीच परीक्षा.
पातेलं उतरायच्या आधी, आल्यागेल्यासमोर,
"इरमा, चव बघ. नीट सांग."
मी सांगायचे: मीठ बेताचं, मेथी जरा पुढे पुढे करतेय,
धणे मागून येतात, दूरच्या नातलगासारखे.
ती डोळे मिटून ऐकायची.
मनातल्या मनात मी तिला जे म्हणायचे
ते लिहिण्यासारखं नाही.

अकराला वीज गेली.
स्वयंपाकघरात उरला चुलीच्या फटीतला तांबडा उजेड,
तिच्या मनगटापर्यंत पोचणारा, पुढे नाही.
मी लाकडं आणायला अंगणात गेले
आणि मोळी उचलता उचलता नाकाला कळलं:
कांदा करपला.
धावत आले, तर ती तव्यापाशीच उभी,
शांतपणे उलथनं फिरवतेय,
धूर चेहऱ्यावरून जातोय
आणि चेहरा नदी बघत बसल्यासारखा.

"त्सियाला, कांदा!"
तिने तव्यावर वाकून पाहिलं, मग माझ्याकडे.
"काळा झाला होय? दिवे नाहीत ना आज.
माझं सगळं रंगावर चालतं."

मला कळायला वेळ लागला.
मोळी हातातच होती, तिच्यावरचा बर्फ वितळून
माझ्या बुटांत गळत होता.
कधीपासून?
"ओतार गेला त्या हिवाळ्यातला ताप.
ताप उतरला, जाताना वास घेऊन गेला. चवही."
कुणाला माहीत आहे?
"आता तुला."

बास. एवढंच बोललो.
दुसरे चार कांदे घेतले, दोघींनी चिरले.
वास नसला तरी डोळ्यांत पाणी येतं तिच्या,
कांदा तेवढं कुणाचंच ठेवत नाही.

मग आले सगळे. नुगझार मामा,
घरची वाईन प्लास्टिकच्या कॅनमध्ये, कॅनला जुनी ओढणी गुंडाळलेली.
झुझुना बाई शाळेतून थेट, पदरी सोललेले अक्रोड.
माझ्या नवऱ्याचे दोन मित्र, आणि त्यांनी वाटेत उचललेला
कुणीतरी तिसरा, ज्याचं नाव शेवटपर्यंत कळलं नाही.
चुलीभोवती ओल्या मोज्यांची रांग.
खुर्च्या अकरा, माणसं सतरा,
दोन खोक्यांवर फळी टाकली.

मेणबत्त्यांच्या उजेडात पोळ्या कापल्या. वाफ निघाली.
नुगझार मामा पेला घेऊन उठला,
मेलेल्यांसाठी प्यायला, जिवंतांसाठी प्यायला,
रस्त्यात अडकलेल्यांसाठी प्यायला,
मग म्हणाला, या हातांसारखी चव अख्ख्या राचात नाही!
सगळे तिच्याकडे वळले. ती मान डोलावत हसली,
खाल्ल्यासारखी.

आवाज पुन्हा वाढला तेव्हा
फळीखालून तिचा गुडघा माझ्या गुडघ्याला लागला.
"कशी झालीय?"

मी तुकडा तोडला. या वेळी घाई केली नाही.
आधी कड, म्हटलं, कुरकुरीत, थोडी राखेची.
"मग?"
मग राजमा. मऊ. जिभेवर बसतो, उठत नाही.
"आणि मीठ?"
मीठ कमी आहे, त्सियाला.
ती खुदकन हसली, खारवलेल्या मिरच्यांची वाटी
माझ्याकडे सरकवली, आणि डोळे मिटून म्हणाली,
"हं. पुढे?"